हिरवा नावाचा पिवळा

१८७० साली ब्रायटनच्या रेल्वे कारखान्यात विल्यम स्ट्राउडली नावाचे नवे प्रमुख रुजू झाले. लंडन-ब्रायटन रेल्वेच्या प्रवासी इंजिनांना त्यांनी जो रंग दिला, त्याचे नाव होते ‘सुधारित इंजिन हिरवा’. प्रत्यक्षात तो पिवळा होता. आपल्या पिवडीच्या जवळ जाणारा, थोडा तांबूस. स्ट्राउडलींना रंग नीट ओळखू येत नसत अशी एक कथा सांगतात. मला ती फार सोयीची वाटते. कोड्याचे उत्तर सापडले नाही की माणसाच्या डोळ्यांत दोष काढायचा, त्यातली ती. त्यांचे १८८२ सालचे ‘ग्लॅडस्टोन’ इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्या पिवळ्या रंगात पाहायला मिळते. अर्थात तो रंगही नंतर पुन्हा चढवलेला.

भाषांतरात असा शब्द भेटला तर मी तळटीप देऊन सुटू शकते. किटमधून छोटी रेल्वे बांधणाऱ्याला ती सोय नाही. त्याला कोणती तरी एक डबी उघडून ब्रश बुडवावाच लागतो. या छंदाकडे मी वळले ती रेल्वेच्या प्रेमापोटी कमी आणि या सक्तीच्या आकर्षणापोटी जास्त.

प्लास्टिकच्या किटची ब्रिटनमधली कहाणी एका बाहुल्यांच्या कारखान्यातून जाते. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या रॉन्ड्स गावी ‘रोझबड’ बाहुल्या बनत. त्याच कारखान्याने १९५९ मध्ये ‘किटमास्टर’ या नावाने इंजिने आणि डबे सुट्या भागांत विकायला सुरुवात केली. धंदा फार काळ टिकला नाही. १९६२ च्या अखेरीस साचे एअरफिक्सकडे गेले. एअरफिक्सच्या स्वतःच्या किटमध्ये गुरांची गाडी होती, तेलाची टाकी होती, गार्डचा डबा होता आणि सोळा टनी कोळशाची वाघीण होती. (वॅगनची वाघीण करणाऱ्या अनामिक मराठी माणसाला मी भाषांतरकारांच्या पहिल्या रांगेत बसवीन.)

ही वाघीण म्हणजे दिसायला एक करडा खोका. भाग कापून काढायचे, कडेला राहिलेले जादा प्लास्टिक घासायचे, चाके काटकोनात बसली की नाही ते काचेवर ठेवून बघायचे. पण तिच्या अंगावर एक पांढरी तिरकी पट्टी असते आणि ती शोभेची नाही. पट्टीचे वरचे टोक ज्या बाजूला, त्या बाजूच्या टोकाला उघडणारा दरवाजा. वाघीण उचलून कोळसा ओतायचा तो तिथून. यार्डातल्या माणसाला लांबून कळावे म्हणून केलेली ती खूण. पट्टी उलटी काढली तर डोळ्यांना काहीच खटकत नाही, फक्त ती वाघीण रिकामी करता येत नाही.

करड्याच्या आधीचा काळ मात्र रंगीत होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधल्या कोळशाच्या वाघिणींचा मोठा हिस्सा रेल्वे कंपन्यांचा नव्हताच. तो खाणींचा, वखारवाल्यांचा, गॅस कारखान्यांचा होता. प्रत्येकाचे नाव फळ्यांवर हातभर अक्षरांत, अक्षरांना छाया दिलेली. १९३९ मध्ये सरकारने अशा पाच लाखांहून अधिक वाघिणी एकत्र ताब्यात घेतल्या. मालकाच्या नावाला आता अर्थ उरला नाही. तुटलेल्या फळीच्या जागी नवी फळी बसे आणि ती बहुधा न रंगवताच राही. नावाचे मधले अक्षर गायब. १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उरलीसुरली नावेही विरली.

मागे राहिले ते कृष्णधवल फोटो, आणि ते साक्षीदार म्हणून विश्वासाचे नाहीत. त्या काळातल्या बऱ्याच काचपट्ट्या लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. तांबडी वाघीण फोटोत काळी उतरते, निळी फिकट दिसते. ग्लॉस्टरच्या वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यात नव्या वाघिणीचा फोटो काढून ठेवत. त्यांतल्या काही फोटोंत शेजारी एक पाटी दिसते आणि तिच्यावर रंग शब्दांत लिहिलेले असतात: अंग तांबडे, अक्षरे पांढरी, छाया काळी. कॅमेऱ्याला जे दिसत नव्हते ते कुणीतरी भाषेच्या हवाली केले. त्या पाटीचा मला फार आधार वाटतो. पण तांबडे म्हणजे कुंकवाचे की विटेचे, हे पाटी सांगत नाही.

ही कामे नेटाने करणारी माणसे आहेत. रेल्वेच्या नमुन्यांचा इतिहास जपणारी ‘हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी’ १९५० मध्ये स्थापन झाली. जुन्या डब्यांची धडे शेतात कोंबड्यांची खुराडी होऊन पडलेली असतात. त्यांच्यावरचे रंगाचे थर खरवडून एकेक छटा ओळखणारे लोक आहेत. पण खरा रंग हाती लागला तरी तो जसाच्या तसा छोट्या नमुन्यावर लावता येत नाही. खरी गाडी आपण लांबून, मधल्या हवेतून पाहतो. हातभर अंतरावरच्या वीतभर डब्यावर तोच रंग गडद आणि खोटा वाटतो. म्हणून जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतराबद्दल जी तक्रार असते, तीच इथे रंगाला रंग ठेवण्याबद्दल आहे.

हे सगळे मी ब्रिटनच्या वाघिणींवर शिकले, पण मला बांधायचे आहेत ते दख्खनच्या राणीचे डबे. १ जून १९३० रोजी ही गाडी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन संच होते. खालचे सांगाडे इंग्लंडचे, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यातले. एक संच रुपेरी, त्याला लालभडक पट्ट्या. दुसरा ‘रॉयल ब्लू’, त्यावर सोनेरी रेघा. तयार किट मला मिळाले नाही, तेव्हा बाजू प्लास्टिकच्या पत्र्यातून कापते आहे. एकास सत्त्याऐंशी प्रमाणात आपला ब्रॉडगेज रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंद हवा; बाजारातला साडेसोळाचा. ती तडजोड मी पत्करली. ब्रिटनमध्येही बहुतेकांनी आपापल्या मापात ती पत्करलेली आहे.

निळ्याचे तसे होत नाही. कागदावर दोन इंग्रजी शब्द आहेत. मराठीत माझ्याकडे अस्मानी आहे, मोरपंखी आहे, नीळ आहे, आणि यांतला कुठलाही त्या दोन शब्दांना पुरत नाही. सध्या प्लास्टिकच्या तीन तुकड्यांवर तीन निळे लावून ते खिडकीत ठेवले आहेत. सकाळी मधला बरोबर वाटतो, संध्याकाळी डावीकडचा. रुपेरी संच सोपा गेला असता, पण त्याच्या पट्ट्यांचा लाल पुन्हा कोणता, हे विचारावेच लागले असते.