दीर्घ पल्ल्याचे फ्रीस्टाईल जलतरण : प्रशिक्षण

जलतरणात ४००, ८०० व १५०० मी. या शर्यती साधारणतः दीर्घ पल्ल्याच्या मानतात. १५०० मी.मध्ये ५० मी. तलावाच्या तीस फेऱ्या होतात; त्यामुळे वेळ सुधारण्यासाठी नुसते अंतर कापत राहणे पुरत नाही.

सरावाचा गाभा म्हणजे टिकवता येणारा वेग. तो काढण्याची सोपी रीत अशी : ४०० व २०० मी. अंतरे वेगवेगळी, पूर्ण ताकदीने पोहून त्यांच्या वेळांतील फरक घ्यावा व तो निम्मा करावा. ४०० मी.ला ६ मिनिटे व २०० मी.ला २ मिनिटे ५० सेकंद लागल्यास फरक १९० सेकंद, म्हणजे दर १०० मी.ला ९५ सेकंद. याच वेगाच्या आसपास १०० मी.च्या दहा-पंधरा आवृत्त्या, मध्ये जेमतेम १०–२० सेकंद विश्रांती घेऊन, करतात. पहिली आवृत्ती जोशात काढणाऱ्यापेक्षा शेवटचीही त्याच वेळेत पोहणाऱ्याचा सराव खरा.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने शरीर आडवे, सरळ ठेवणे फार मोलाचे. पाय बेताने मारून शक्ती राखतात. दर फेरीत हात किती वेळा मारले ते मोजल्यास थकव्याने बिघडणारी शैली लगेच कळते. शर्यतीआधी सरावाचे अंतर घटवतात, वेग मात्र राखतात.

शर्यतीत वेगाची वाटणी वेगवेगळ्या रीतीने करता येते : अमेरिकेच्या बॉबी फिंकने टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मी.चे सुवर्ण अखेरच्या ५० मी.तील मुसंडीने जिंकले. पॅरिसमध्ये (२०२४) सुरुवातीपासून आघाडी घेऊन १४ मि. ३०.६७ से. हा विश्वविक्रम केला.