जुन्या इंजिनाचे तेल-गाळणे

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात इंजिनातील तेल गाळण्यासाठी काही स्वतंत्र तजवीज असावी, असे कारखानदारांस फारसे वाटत नव्हते. 1908 साली बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत तर तेल खेळविणारा पंपसुद्धा नव्हता. इंजिनाच्या गतिचक्राच्या वेगाने उडालेले तेल एका नळीत पडावे, त्या नळीतून ते इंजिनाच्या पुढील भागी जावे आणि उतारावरून परत मागे वाहत यावे, एवढ्यावरच सारा कारभार चाले. रस्ते कच्चे होते, हवा गाळण्याची सोय नव्हती, आणि श्वासाबरोबर आत शिरलेली धूळ, जळणाची काजळी व धातूचे झिजलेले कण ही सर्व सामग्री तेलात मिसळून त्याच तेलाबरोबर बेअरिंगांतून फिरत असे. तेल वरचेवर काढून टाकावे आणि नवे भरावे, एवढाच काय तो उपाय त्या काळच्या मालकाच्या हाती होता.

या स्थितीला छेद दिला तो 1923 साली कॅलिफोर्नियातील अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल या दोघांनी. त्यांनी सिद्ध केलेले तेल-गाळणे ‘प्युरोलेटर’ या नावाने प्रसिद्धीस आले, आणि पुढल्याच वर्षी वॉल्टर क्रायस्लर यांनी आपल्या पहिल्या सहा सिलिंडरी गाडीवर, हायड्रॉलिक ब्रेक आणि हवेच्या गाळण्यासमवेत, बदलता येण्याजोगे तेल-गाळणेही बसवून दिले. मध्यम किमतीच्या गाडीत ही सोय मिळू लागली, ही गोष्ट मला त्या यंत्राच्या कल्पकतेइतकीच महत्त्वाची वाटते. कारण इंजिनाचे दीर्घायुष्य हा तोवर श्रीमंतांच्या पदरी असलेल्या शोफरच्या दक्षतेचा प्रांत होता.

मात्र आज जुन्या गाडीसाठी नवे गाळणे शोधणाऱ्याने एक भेद आधी नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्या पिढीतील बहुतेक गाळणी उपमार्गी होती. पंपाने उचललेल्या तेलाचा लहानसा हिस्सा, साधारणतः दहावा किंवा त्याहूनही कमी, एका बारीक छिद्रातून गाळण्यात जाई आणि शुद्ध होऊन थेट तळच्या टाकीत उतरे. उरलेले सर्व तेल न गाळताच बेअरिंगांकडे धावे. टाकीतील तेल पुन्हा पुन्हा फिरून कालांतराने स्वच्छ होई, हे खरे. पण आज शिरलेला वाळूचा कण आजच बेअरिंगात पोचण्यास कोणताही प्रतिबंध नव्हता. पूर्णप्रवाही गाळण्यात सर्वच तेल आधी गाळले जाते आणि मग इंजिनात शिरते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रूढ झाली. तिच्यासोबत एक नवे भयही आले: गाळणे तुंबले तर बेअरिंगांस तेलच मिळणार नाही. म्हणून दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उघडणारी सुरक्षा-झडप तिच्या रचनेत अपरिहार्य ठरली. इंजिनास तेलावाचून ठेवण्यापेक्षा मळके तेल पाजणे बरे, हा व्यवहारी निर्णय त्या झडपेत साठविलेला आहे.

हा भेद केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचा नाही. उपमार्गी रचनेतील कित्येक गाळण्यांच्या आतच ते बारीक छिद्र असे. त्यांच्या जागी, आकार जुळतो एवढ्याच आधारावर, मोकळ्या तोंडाचे दुसरे गाळणे बसविले तर तेल वाजवीपेक्षा अधिक वाहून टाकीत परतते, मुख्य वाहिनीतील दाब खाली येतो, आणि मालक बिचारा निर्दोष पंपास दोष देत बसतो.

गाळण्याच्या पोटातील द्रव्यही बदलत गेले. प्रारंभी कापडाची पटले, मग नमदा आणि सुताचा चोथा, आणि अखेर राळेने कणखर केलेला, चुण्या घातलेला कागद. अल्प जागेत विस्तीर्ण पृष्ठभाग सामावण्याचे कागदाचे सामर्थ्य इतरांस साधले नाही. याच सुमारास तेलांतही काजळीस साचू न देता तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळली जाऊ लागली. तरंगणारा मळ कुठेतरी अडवावाच लागतो. सबब गाळण्याचे काम आता ऐच्छिक राहिले नाही. फोक्सवॅगनच्या बीटलने मात्र नुसत्या जाळीवर कित्येक दशके काढली, आणि तीन हजार मैलांनी तेल बदलण्याची शिस्त पाळणाऱ्यांना तिने दगा दिला नाही.

आपल्याकडील वाचकांस सर्वांत निकटचे उदाहरण म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी’ मालिकेतील इंजिन. एमजी कंपनीच्या देखण्या दोन आसनी गाड्यांना ज्याने गती दिली, तेच 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये घडून अँबॅसडरमध्ये बसले आणि मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत सर्वांस वाहून नेऊ लागले. त्याच्या जुन्या रचनेत गाळणे म्हणजे लोखंडी भांड्यात बसणारा बदलता गाभा. भांडे मधल्या लांब बोल्टने वरच्या माथ्याशी आवळले जाई आणि माथ्याच्या खाचेत एक वर्तुळाकार रिंग बसे. दगा या रिंगेतच असतो. वर्षानुवर्षे तापून ती कडक होते, काळ्या तेलात खाचेच्या रंगाची होते, आणि घाईत काम करणाऱ्याच्या दृष्टीसच पडत नाही. तिच्यावरच नवी रिंग बसविली की भांडे आवळलेले तर वाटते, पण पूर्ण दाब येताच वरची रिंग सरकते आणि थोडक्याच वेळात सारे तेल रस्त्यावर येते. म्हणून अणकुचीदार हत्याराने जुनी रिंग उपसून काढणे, खाचेत बोट फिरवून तपासणे, आणि गाभ्याखालची स्प्रिंग व वायसर त्यांच्या मूळ क्रमाने परत बसविणे, ही कामे नव्या गाभ्याच्या निवडीइतकीच निर्णायक आहेत. वायसर गहाळ झाले तर तेल गाभ्यास वळसा घालून जाते, आणि उत्तम कंपनीचे गाळणेही निष्फळ ठरते.

1954 साली अमेरिकेतील विक्स कंपनीने हाताने फिरवून बसविता येणारे एकसंध डबे पुढे आणले, आणि पुढल्या दोन दशकांत त्यांनी भांड्यांची जागा घेतली. आज जुन्या इंजिनावर असा डबा बसविण्यासाठी जोडमाथे मिळतात, आणि सोयीपुरते पाहिल्यास त्यांत वावगे काही नाही. परंतु आटे जुळले म्हणजे गाळणे जुळले, असे मानणारा मनुष्य फसतो. इंची आट्यांचा डबा मेट्रिक आट्यांवर काही वेढे चढतो आणि मग अडतो किंवा आटेच खातो. डब्याची रिंग माथ्याच्या सपाट भागावर पूर्ण टेकली पाहिजे. सुरक्षा-झडप इंजिनाच्या माथ्यात आहे की डब्यात, याची खातरजमा हवी. आणि डबा आडवा किंवा उलटा बसत असेल तर बंद इंजिनातून तेल परत उतरू न देणारी रबरी झडप त्यात असलीच पाहिजे, नाहीतर दररोज सकाळी पहिले काही क्षण बेअरिंगे कोरडी फिरतील. माझ्या मते यांतील एकाही मुद्द्यावर दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर तो डबा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

मुंबईत योग्य सुटा भाग निवडण्याच्या या विद्येस एक मोठा आधार होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने त्याच घराण्याची गाडी बाहेर पडत होती. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी शहराची चाकरी केली आणि तिच्यासाठी लागणारा प्रत्येक जिन्नस नाक्यानाक्यावरच्या मिस्त्र्याला तोंडपाठ होता. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निघाली. गाडी रस्त्यावरून गेली की सुट्या भागांचे ज्ञान पहिल्यांदा दुकानातून आणि मग स्मरणातून जाते.

तेव्हा ज्यांच्या घरी किंवा गॅरेजात कुर्ल्याच्या वा उत्तरपाड्याच्या गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या, गाळण्यांचे क्रमांक टिपलेल्या नोंदवह्या अजून पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती काढून जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींच्या स्वाधीन कराव्यात, आणि जुन्या मिस्त्र्यांकडून त्या क्रमांकांची एकदा पडताळणी करून घ्यावी.