आठवड्याचा एक पैसा

दानाच्या इतिहासात दात्याचे नाव टिकते, घेणाऱ्याचे सहसा टिकत नाही. घाटाच्या पायऱ्या, धर्मशाळांच्या कमानी, इस्पितळांच्या भिंती वाचीत गेले म्हणजे कोणी किती दिले ते कळते. ज्यास दिले तो पुढे आपल्या पायांवर उभा राहिला की पुन्हा हात पसरीत आला, हे मात्र कळत नाही. म्हणून दानाचा खरा इतिहास लिहावयाचा तर तो घेणाऱ्याच्या अंगणात बसून लिहिला पाहिजे. सधन देशांतील कॅथलिक धर्मग्रामांनी निर्धन देशांतील धर्मग्रामांशी बंधुत्वाचे नाते जोडावे, असा विचार ख्रिस्ती जगात आज पुष्कळ बोलला जातो. एका चर्चच्या छायेखाली नांदणारा समाज तो धर्मग्राम; अशा दोन समाजांनी समुद्रापलीकडून एकमेकांचे सुखदुःख वाटून घ्यावे, अशी ही कल्पना. ती वाटते तितकी नवी नाही. तिची एक शाखा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच आपल्या विदर्भापर्यंत येऊन पोहोचली होती.

बुलढाणा जिल्ह्यात कॅथलिकांची वस्ती अगदी विरळ आहे. तरीही हा प्रश्न नीट न्याहाळावयास हा जिल्हा सोयीचा आहे. कारण दूरच्या श्रीमंतीशी त्याची गाठ फार पूर्वी पडली, आणि ती दानाने नव्हे, कापसाने. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. खामगावची पेठ भरभराटीस आली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या उपस्थितीत खुला झाला. परंतु अमेरिकेतील युद्ध मिटताच भाव उतरले होते; शेत मात्र कापसाखालीच राहिले. १८९६-९७ व १८९९-१९०० या सालच्या दुष्काळांत लोहमार्ग होता, तारयंत्र होते, बाहेरून धान्य आणण्याची सोयही होती. ते विकत घेण्यास गोरगरिबांच्या गाठीस पैसा नव्हता. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ साली ती २७,५४,०१६ भरली. वाढावयाच्या दशकात माणसे घटली. कापसाचा धागा लँकेशायरपासून खामगावपर्यंत पक्का होता. पण त्या धाग्याने शेतकरी बाजारास बांधला गेला, बाजार शेतकऱ्यास बांधला गेला नाही.

याच काळात दुसराही एक धागा विणला जात होता. १९०० साली अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या पुढाकाराने दोन लक्ष बुशेल मका घेऊन ‘क्विटो’ नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले, ही त्या दुष्काळातील गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु जहाजे येतात आणि जातात. नित्याची, थेंबाथेंबाने साठणारी मदत कशी उभी राहिली हे पाहावयाचे तर ऐंशी वर्षे मागे, फ्रान्सातील लियॉन शहरी गेले पाहिजे.

लियॉन हे रेशमाचे शहर. तेथील एका रेशीम-व्यापाऱ्याची मुलगी पोलीन जारिको हिने मिशनकार्यासाठी पैसा जमविण्याची एक साधी युक्ती काढली. दर माणसाने आठवड्यास एक ‘सू’, म्हणजे आपल्याकडील पैशासारखे एक क्षुद्र नाणे, द्यावयाचे. दहा जणांचा एक गट, अशा दहा गटांवर एक प्रमुख, आणि त्या प्रमुखांवर आणखी एक. तिचे पहिले साहाय्यक रेशमाच्या कारखान्यांतील कामकरी मुली होत्या. या युक्तीतून ३ मे १८२२ रोजी ‘श्रद्धाप्रसार संस्था’ स्थापन झाली. दान हे धनिकाचे भूषण न राहता मजुराचेही कर्तव्य होऊ शकते, हे या व्यवस्थेने दाखविले. पुढे पोलीनने कामगारांसाठी एक आदर्श वसाहत उभारू पाहिली; त्या उद्योगात ती फसविली गेली, कर्जात बुडाली, आणि १८६२ साली दारिद्र्यात मरण पावली. जगभरच्या मिशनांस पैसा मिळवून देणारी ही बाई शेवटी स्वतःच गरिबांच्या यादीत गेली. २२ मे २०२२ रोजी, संस्थेस दोनशे वर्षे झाली त्या महिन्यात, लियॉन येथेच तिला ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

या संस्थेच्या पहिल्या वाटपाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आशियातील मिशनांबरोबरच तो पैसा अमेरिकेतील केंटकी व लुइझियाना येथील धर्मप्रांतांस गेला. ज्या संयुक्त संस्थानांस आज आपण दात्यांचा शिरोमणी समजतो, ती त्या वेळी लियॉनच्या गिरणीमजुरांच्या पैशावर आपली चर्चे चालवीत होती. १९०८ सालापर्यंत रोमच्या दप्तरी त्यांची गणना मिशनभूमीतच होत असे. दाता आणि याचक या जाती नव्हेत, अवस्था आहेत.

आपल्याकडे आलेल्या शाखेची हकीकतही अशीच आहे. फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय हा आल्प्स पर्वतातील प्रांत त्या काळी सार्डिनियाच्या राज्यात होता. १८६० साली तो फ्रान्सला जोडला गेला. तेथील जमीन डोंगराळ, हिवाळा दीर्घ, आणि लोक इतके गरीब की लहान लहान मुले पॅरिसला धुराडी साफ करण्याचे काम शोधीत जात. अशा प्रांतात, आनसी गावी, १८३८ साली पियेर मारी मेर्मिए या धर्मगुरूने ‘संत फ्रान्सिस द सेल्स’ यांच्या नावे एक मिशनरी संघ स्थापिला. १८४५ साली त्यातील पहिली तुकडी हिंदुस्थानास निघाली व पुढील वर्षी विशाखापट्टणम येथे उतरली. त्यांच्या क्षेत्रात नागपूर व कामठीची छावणीही होती. नागपूरची सुप्रसिद्ध शाळा या संघाने १८७० साली काढली. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि वऱ्हाड त्यात समाविष्ट होते. १८९० नंतरच्या दशकात हेच लोक वऱ्हाडच्या दक्षिणेस, निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, घोगरगावापर्यंत पोहोचले. तेथे राबलेल्या फादर गुरियन जाकिए यांचे नाव त्या भागात अद्याप आदराने घेतले जाते. १९५५ साली अमरावतीचा धर्मप्रांत निराळा झाला. बुलढाणा जिल्हा त्याच्या कक्षेत येतो.

म्हणजे सव्हॉयच्या डोंगरातील धर्मग्रामांनी विदर्भास प्रथम दिले ते धन नव्हे, कारण ते त्यांच्याजवळ फारसे नव्हते. त्यांनी आपले मुलगे दिले. पैसा लियॉनसारख्या ठिकाणाहून, सू-सू करून, येत राहिला. या व्यवस्थेत जितके उदात्त होते तितकेच एक वैगुण्यही होते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सू देणाऱ्यास दूर देशीची हकीकत हवी असे. म्हणून संस्थेच्या वार्तापत्रांत मिशनऱ्यांची पत्रे छापली जात. देणाऱ्याचे मन द्रवावे म्हणून घेणाऱ्याचे चित्र जितके दीन व अज्ञ रंगवावे तितके ते उपयोगी पडे. पत्र मिशनरी लिही, वाचक फ्रेंच. ज्याच्याविषयी लिहिले त्याने ते कधी वाचले नाही. हिशेब वरच्या दिशेने जात होता, खाली कधी आला नाही.

या एकतर्फी व्यवहाराविरुद्ध ओरड होणे अटळ होते. १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने निवृत्त सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. बुलढाणा तेव्हा त्याच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला. समितीने १९५६ साली दिलेल्या अहवालात, १९५० च्या जानेवारीपासून साडेचार वर्षांत परदेशांतून मिशनांकडे २९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम आल्याचे नमूद केले आणि सेवेच्या आडून धर्मांतर होत असल्याचा ठपका ठेवला. मिशनांनी तो नाकारला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या बुडाशी असलेला प्रश्न रास्त होता: जो पैसा देतो त्यास काय हवे आहे, हे घेणाऱ्यास व त्याच्या शेजाऱ्यास ठाऊक असावयास नको काय? १९७६ साली परकीय देणग्यांचा कायदा झाला, २०१० साली त्याच्या जागी नवा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. एका संस्थेने परदेशातून घेतलेला पैसा दुसरीस देण्यासही बंदी झाली. तेव्हा केवळ भावनेच्या भरात एका धर्मग्रामाने दुसऱ्यास हुंडी पाठवावी, असा काळ आता राहिलेला नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर युरोपातच, युद्धाने बेचिराख झालेल्या जर्मनीत, तयार होत होते. १९४६ सालच्या अखेरच्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितले की, प्राण वाचविण्यास जे अवश्य आहे ते दुसऱ्या मार्गाने मिळत नसेल तर माणसाने ते घेणे हे पाप म्हणता येणार नाही. आगगाडीच्या डब्यांतील कोळसा उचलणाऱ्या नगरवासीयांनी त्यांच्या नावाचेच एक क्रियापद बनविले. उपासमार आणि परक्यांची मदत ही दोन्ही ज्यांनी पाहिली, त्याच फ्रिंग्स यांच्या सूचनेवरून १९५८ साली जर्मन बिशपांनी ‘मिझेरिओर’ ही संस्था काढली. १९५९ च्या उपवासकाळात जर्मन धर्मग्रामांनी सुमारे साडेतीन कोटी मार्क गोळा केले. या पैशाने धर्मप्रसार करावयाचा नाही. तो भूक व रोग यांच्या निवारणार्थ आहे, अशी मर्यादा आरंभीच घालून देण्यात आली. नियोगी समितीचा अहवाल आणि ही मर्यादा यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. एकास दुसरे ठाऊक असेल वा नसेल; परंतु काळाची गरज दोघांनाही दिसली होती.

पुढची पायरी महाराष्ट्रात चढली गेली. व्हिसेंत फेरेर हा स्पॅनिश जेझुइट १९५२ साली मुंबईस आला व पुढे नाशिक जिल्ह्यातील मनमाड येथे कामास लागला. विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यास तो गहू व तेल देई. पाणी लागून पीक आले की बिनव्याजी उचल परत यावयाची आणि ती पुढच्याच्या विहिरीस लागावयाची. येथे प्रथमच घेणाराच पुढच्या माणसाचा दाता झाला. लोक त्याच्यामागे गेले, स्थानिक सत्ताधाऱ्यांचे हितसंबंध दुखावले, धर्मांतराचा संशयही उठला. १९६८ साली त्यास देश सोडावयास सांगण्यात आले. तेव्हा त्याच्यासाठी हजारो शेतकरी मुंबईवर चालून गेले, आणि त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते. परकीय दात्यासाठी भूमिपुत्रांनी चालावे, ही साक्ष कोणत्याही अहवालाहून मोठी आहे. १९६९ साली तो परत आला, मात्र आंध्रातील अनंतपूर येथे. तेथेच २००९ साली त्याचा अंत झाला. त्याच्या संस्थेस स्पेनमधील असंख्य कुटुंबे पैसा देत आली. पण त्याबरोबरच अनंतपूरच्या खेड्यांतील घरांतही आता दानपेटी असते, आणि तिच्यातील नाणी आणखी गरिबांसाठी जातात. लियॉनचा सू अशा रीतीने तेलुगू मुलखात पुन्हा जन्मास आला.

दुसरे उदाहरण स्विस जेझुइट हर्मन बाखर यांचे. त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले. १९९० नंतरच्या दशकात त्यातून जर्मन साहाय्याचा, ‘नाबार्ड’मार्फत चालणारा मोठा कार्यक्रम निघाला. त्यातील अटी पाहण्याजोग्या आहेत. गावाने प्रथम श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, आणि मग पैसा यावयाचा. पैसा जर्मन, पण प्रतिज्ञा गावाची.

आणि आता चक्र आणखी फिरले आहे. फ्रान्स व जर्मनी येथील कित्येक चर्चे मोठी आहेत, पण त्यांस धर्मगुरू मिळत नाहीत. तेथे उपासना चालविण्यास भारतीय धर्मगुरू जातात. आनसीच्या संघात आज बहुसंख्य सभासद भारतीय आहेत. ज्या डोंगराळ धर्मग्रामांनी आपले मुलगे विदर्भास धाडले, त्यांच्या युरोपची उणीव आता हिंदी मुलगे भरून काढीत आहेत. मग यांतील श्रीमंत धर्मग्राम कोणता आणि गरीब कोणता?

बुलढाण्याकडे परत येऊन हा प्रश्न मातीत रोवून पाहावा. जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तो पुढे अकोला व अमरावतीकडे पसरतो. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्यास गोड नाही आणि पिकास मानवत नाही. तेथील शेतकरी आकाशाच्या पाण्यावर व ते साठविणाऱ्या तळ्यावर विसंबतो. मनमाडच्या विहिरीची हकीकत वाचून भारावलेल्या एखाद्या परदेशी धर्मग्रामाने या पट्ट्यात विहिरींसाठी पैसा धाडला, तर हेतू निर्मळ असूनही पाणी खारेच निघेल. ही चूक टाळण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. त्या गावच्या माणसास आधी विचारावे लागते, इतकेच. पोलीन जारिकोच्या योजनेत दर दहा माणसांमागे हिशेब घेणारा एक होता. पैसा ज्या गावी पोहोचतो तेथील दहा माणसांमागेही असाच एक असावा, आणि त्याने मागितलेला हिशेब लियॉनला, कोलोनला किंवा मुंबईला द्यावा लागावा. त्यानेच सांगावे की येथे विहीर नको, तळे हवे.