भांड्यावरचं नाव, गोधडीतलं लुगडं

घरातल्या माळ्यावर किंवा फडताळाच्या तळाशी एखादं जुनं पितळी पातेलं असेल तर ते काढून उजेडात धरा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसतील. कुणाचं तरी नाव, कुणाकडून मिळालं ते, लग्न की मुंज की बारसं आणि बहुतेक वेळा तारीखही. अक्षरं वेडीवाकडी असतात, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, पण मजकूर पक्का. शाळेत आपण ताम्रपट शिकलो ना, दान कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं? हे त्याच जातकुळीतलं. फक्त इथे राजा नसतो, आत्या किंवा मामा असतो.

हे नाव आठवण म्हणून घातलेलं नसायचं. गावात लग्नकार्य निघालं की भांडी घरोघरून गोळा व्हायची आणि पंगती उठल्यावर कुणाचं पातेलं कुठलं यावरून गोंधळ ठरलेला. म्हणून नाव. इतिहासाच्या कामी येणाऱ्या निम्म्या गोष्टी अशा हिशेबासाठीच लिहिलेल्या असतात.

पुढे स्टेनलेस स्टील आलं. पितळेला कल्हई लागते, चिंचेनं घासावं लागतं. स्टीलला यातलं काहीच नको. घराघरांतली जड पितळी भांडी मोडीत गेली. कासाराच्या तराजूला वजन कळतं, नाव कळत नाही. किती घरांच्या आज्या-पणज्यांची एकमेव लेखी नोंद अशी वितळून गेली असेल याचा अंदाज करणंही अवघड आहे.

‘एकमेव’ हा शब्द मी जपून वापरतोय. पुरुषांची नावं टिकवायची यंत्रणा आपल्याकडे बरी होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की गुरुजी वही काढतात आणि तुमचे आजोबा कधी येऊन गेले, सोबत कोण होतं, ते वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत. मोडी लिपी गेल्या शतकाच्या मध्याला शाळेतून गेली, त्यामुळे स्वतःच्या खापरपणजोबांची सही समोर असून आपल्याला ती वाचता येत नाही. सरदार-इनामदारांच्या घरी दफ्तरंच होती. वि. का. राजवाडे ती हुडकत गावोगाव फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला, पुढे असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वाळवी आणि वाण्याच्या पुड्या यांच्या तोंडातून त्यांनी कागद वाचवले, हे उपकार मोठेच.

पण घरात कागद असायला आधी वतन असावं लागतं, निदान अक्षरओळख तरी. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांचं काय? आणि ज्यांच्या घरी दोन्ही होतं, तिथल्या बायकांचं? वंशावळ मुलावरून मुलाकडे उतरते. मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ थांबते. कित्येक घरांत तर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचे. आडनाव जायचंच, पहिलं नावही जायचं. आजीला घरात सगळे ज्या नावानं ओळखायचे त्याच्या आधी तिला दुसरं नाव होतं, हे नातवंडांना कितीदा तरी तिच्या माहेरच्या भांड्यावरूनच कळतं.

या बायकांचं दफ्तर कापडात होतं.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, तान्ह्या बाळाची असेल तर दुपटं म्हणा. पीक घरात आलं, पाऊस अजून लांब आहे, अशा उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत गोधडी शिवायला काढायची. अंगणात किंवा ओसरीवर जुनं लुगडं अंथरायचं, सुरकुती काढायची, कडांवर वजन ठेवायचं. आत फाटकी धोतरं, सदऱ्याच्या पाठी, पोरांचे आखूड झालेले कपडे यांचे थर. वर पुन्हा एक त्यातल्या त्यात धड लुगडं. गल्लीतल्या बायका चारी बाजूंना बसायच्या आणि साध्या धावदोऱ्यानं कडेकडून आत सरकत जायच्या. टाके सगळ्यांचे सारखे येत नाहीत. एकीचे बारीक, एकीचे लांब. ज्या बाजूला जी बसली तिचा हात तिथे राहतो.

यातला सगळ्यात हुशारीचा भाग नंतरचा. गोधडी विरली की ती टाकत नाहीत, तिलाच पोटात घालून वरून नवा पदर चढवतात. म्हणजे सर्वांत वरचं कापड अलीकडचं आणि आत जावं तसतसं जुनं. पुरातत्त्वाचे विद्यार्थी पांढरीच्या टेकाडात हाच क्रम वाचतात. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात ह. धी. सांकलियांच्या पथकानं असं टेकाड उकरलं, तेव्हा ताम्रपाषाणकाळातल्या तांब्याच्या मण्यांसोबत त्यात ओवलेल्या दोऱ्याचा अवशेषही सापडला. एवढासा दोरा, तोही तांब्याला चिकटला म्हणून वाचला. आपल्या हवेत कापड टिकत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत भांडी आणि नाणी भरपूर आणि लुगडी नाहीत, त्याचं एक कारण हेही आहे.

गोधडी वाचून दाखवणारं माणूस घरात असेल तर ऐकत बसावं. हा इरकलीचा काठ थोरल्या काकूंचा. ही काळी चंद्रकळा संक्रांतीची. हा खाकी तुकडा कुणाच्या तरी नोकरीचा, ज्याबद्दल घरात फारसं बोललं जात नाही. गेलेल्या माणसाचा एखादा कपडा गोधडीत घालायचा की नाही यावर घराघरांत वेगळी मतं असतात, पण आजीच्या मऊ पडलेल्या पातळाचं दुपटं बाळाला करायचं, यावर सहसा कुणाचं दुमत नसतं. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते हे खरं कारण. बाकीचं कुणी बोलून दाखवत नाही.

मग दारावर बोहारीण यायला लागली. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. तिच्या डोक्यावरच्या पाटीत आपल्या घराचे दोन इतिहास एकमेकांना भेटत होते. गोधडीत जाऊ शकलं असतं ते लुगडं तिच्या गाठोड्यात गेलं आणि मोडीत गेलेल्या पितळेच्या जागी डबा आला. यात बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या बाईनं आयुष्यभर राखेनं भांडी घासली तिला चकचकीत डबा हवासा वाटणारच. त्यातून साड्या पॉलिएस्टरच्या झाल्या. त्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात. गोधडीला लागणारं कापडच घरातून संपलं.

आवाजाचंही असंच झालं. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणायची ती पीठ पडेपर्यंतचा शीण हलका व्हावा म्हणून. पण त्या ओव्यांत आईबाप, भाऊ, माहेरची वाट, सासरचा जाच असं सगळं यायचं आणि सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जायचं. पिठाची गिरणी गावात आली. जातं थांबलं, ते चांगलंच झालं. जात्याचं गोडवं गाणाऱ्यानं एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण जात्यासोबत ओवी म्हणायची वेळच गेली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. १९८० नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारीचं नाव आणि गाव यांसकट, हे महत्त्वाचं. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या मोबाईलवर ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यातच आहेत. पुस्तकांनी ज्यांच्या घरात उशिरा पाऊल टाकलं, त्यांनी आपला इतिहास दळता दळता कसा धरून ठेवला ते तिथे कानांनी कळतं.

टिकणं किती योगायोगावर असतं याचं मोठं उदाहरण खानदेशातलं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि एका आप्तानं कागदावर उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर ते कागद आचार्य अत्र्यांपुढे आले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ऐकणाऱ्यापैकी कुणाच्याच हातात पेन्सिल नसती तर? अशा किती घरांत ती नव्हती.

त्याच खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा पितरांचा सण आहे आणि माहेरवाशिणींचाही. एकीकडे झाडांना झोके टांगलेले, गौराईची गाणी चाललेली. दुसरीकडे घरात मातीची घागर पाण्यानं भरून पूजायची, वर डांगर, आंबा ठेवायचा. मग निखाऱ्यावर आगारी टाकायची. घास विस्तवात टाकताना गेलेल्यांची नावं घ्यायची, मोठ्यानं. वर्षातून एकदा घरातल्या पोरांच्या कानावर ही नावं पडतात. नातं विचारलं जातं, मग त्या माणसाची गोष्ट निघते, गोष्टीवरून कुणीतरी वाद घालतं.

भाद्रपदातला पितृपक्ष याहून शिस्तीचा. ज्याची त्याची तिथी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी अविधवा नवमी वेगळी राखलेली. पंधरवडा संपला की दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि तिच्या आधी गावाकडे घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर निघतात. नदीला, ओढ्याला, आता कुठे कुठे टँकरच्या पाण्यावर, त्या आपटून धुतल्या जातात. ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पीळ देतात. मग काट्याकुट्यांवर, दगडांवर दिवसभर वाळत पडलेले ते चौकोन. आणि ज्यांची तिथी कुणालाच आठवत नाही, नावही सांगता येत नाही, त्यांच्यासाठी पंचांगात पक्षाचा शेवटचा दिवस ठेवलेला आहे, सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशीचं पान कुणाच्या नावानं वाढलं, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.