जोजी ला : लडाखच्या दारावरचे कुलूप

नकाशात श्रीनगर आणि लेह ही दोन गावे अगदी शेजारी दिसतात. मोटारीने जायचे म्हटले, तर वाट सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांची. तीवर तीन मोठ्या खिंडी लागतात. पहिली जोजी ला, साडेतीन हजार मीटरांच्या थोडी वर. दुसरी नामिका ला, सुमारे ३,७०० मीटर. तिसरी फोटू ला, ४,१०० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे यांतली सर्वांत ठेंगणी खिंडसुद्धा कळसूबाईच्या दुप्पट भरते.

आता सांगा बरे, या तिघींत अवघड कोणती? पुष्कळांचे उत्तर येईल, फोटू ला. पण ड्रायव्हर मंडळी घाबरतात ती ठेंगण्या जोजी लाला! याचे कारण पाण्यात आहे. पश्चिमेकडून येणारे ढग हिवाळ्यात आपला बर्फाचा बोजा जोजी लाच्या अंगावर टाकतात. पलीकडे लडाखात पोचेपर्यंत त्यांच्यापाशी फारसे काही उरत नाही. आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि माणदेशात कोरडा दुष्काळ, तशातलाच हा प्रकार. त्यात काश्मीरच्या अंगाचा चढ छातीवर येणारा. बालटालहून वळणे घेत रस्ता कड्याला चिकटून वर जातो; एका हाताला दरड, दुसऱ्या हाताला दरी. हिमकडा सुटला की रस्ताच नाहीसा होतो.

एरवी ही सारी वाट नद्यांनी आखलेली आहे. आधी काश्मीरची सिंध नदी. ही झेलमला मिळते. आपली सिंधू ती निराळी, विद्यार्थ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. खिंड ओलांडली की द्रास नदी सोबतीला येते. तिच्या काठाने उतरत कारगिलला सुरू नदी गाठायची. पुढे वाखा नदीच्या खोऱ्यातून चढून उरलेल्या दोन खिंडी ओलांडायच्या, आणि खालत्सेला सिंधू भेटली की तिच्या काठाने वर लेहला जायचे. मोटारी नव्हत्या तेव्हा पश्मिन्याची लोकर याच वाटेने तट्टांवरून श्रीनगरास येई. नद्या वाट दाखवीत, जोजी ला ती अडवी.

हे कुलूप किती महत्त्वाचे, ते १९४८ साली कळून आले. त्या वर्षी फेब्रुवारीत मेजर पृथीचंद यांची लहानशी तुकडी ऐन बर्फात पायी जोजी ला ओलांडून निघाली आणि मार्चमध्ये लेहला पोचली. तिच्यात लाहूलचे डोंगरी जवान होते. मे महिन्यात कारगिल आणि जूनमध्ये द्रास शत्रूच्या हाती गेले, खिंडही गेली, आणि लेहची जमिनीवरची ही वाट तुटली. आता आकाशाचीच वाट उरली. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअराने लेहला धावपट्टी तयार केली होती. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तिथे डाकोटा विमान उतरवले.

पण विमानाने प्रांत फार काळ पोसता येत नाही. सप्टेंबरात पायदळाने खिंडीवर केलेले हल्ले फसले. मग मद्रास सॅपर्सच्या जवानांनी बालटालहून वर जाणारी खेचरांची पायवाट रुंद केली. रणगाडे गुप्तपणे वर आणले गेले, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे जोजी लावर चढले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल, ही शत्रूची कल्पनाच नव्हती. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळाले. रणगाड्यांचे नाव झाले ते योग्यच. पण फावडे चालले नसते, तर तोफ वर गेली नसती, हेही विसरू नये.

१९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि त्या दशकात लेहपर्यंत मोटारीचा रस्ता झाला. रस्ता झाला तरी कुलूप हिवाळ्यात पुन्हा लागेच. महिनोन् महिने खिंड बंद राही. धान्य, रॉकेल, औषधे हे सारे आधीच भरून ठेवावे लागे. आजारी माणसाला श्रीनगरच्या दवाखान्यात न्यायचे, तर मोटारीची वाट नसे. दरसाल वसंतात जवान आणि मजूर बर्फाच्या भिंती कापून वाट मोकळी करीत आले आहेत. अलीकडच्या वर्षांत ही बंदी काही आठवड्यांवर आली. अलीकडच्या बाजूचा सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. खुद्द जोजी लाखालच्या सुमारे तेरा किलोमीटरांच्या बोगद्याचे खोदकाम २०२० साली सुरू झाले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात लढाईच्या सनावळ्या पाठ करून घेण्याआधी भिंतीवर नकाशा टांगा. मुलांना नद्यांवरून बोट फिरवू द्या. बोट जिथे अडेल तिथे विचारा, "इथून पलीकडे धान्य कसे न्याल?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलांना १९४८ सालही समजेल आणि दरसाल बर्फ कापणारा मजूरही दिसेल.