एकटीची पृथ्वीप्रदक्षिणा

१९ मार्च १९६४ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराहून एक लहानसे, एका इंजिनाचे, अकरा वर्षांचे जुने विमान आकाशात चढले. ते चालविणाऱ्या बाईंचे नाव जेरी मॉक. वय अडतीस, तीन मुलांची आई, विमान चालविण्याचा एकूण अनुभव साडेसातशे तासांच्या आसपास. १७ एप्रिलच्या रात्री त्याच विमानतळावर त्या परत उतरल्या, तेव्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री वैमानिक म्हणून त्यांचे नाव इतिहासात दाखल झाले. आज हे नाव फारसे कोणाच्या ओठांवर नाही. अमेलिया इअरहार्ट सर्वांना ठाऊक आहे. ती १९३७ साली पॅसिफिक महासागरात नाहीशी झाली, शिवाय तिच्या सोबतीला मार्गदर्शक होता. कीर्तीचा हिशेब असा काहीसा विचित्रच असतो. जी परत आली नाही ती अमर झाली, आणि जी सुखरूप घरी आली तिला लोक विसरले.

एकट्या माणसाने पृथ्वीभोवती विमान नेण्याचा पहिला पराक्रम वायली पोस्ट या अमेरिकन वैमानिकाने १९३३ च्या जुलैत केला होता. त्याला सात दिवस, अठरा तास आणि एकोणपन्नास मिनिटे लागली. तो जात्याच विक्रमवीर. विमान हाच त्याचा व्यवसाय. मॉकबाईंची गोष्ट निराळी. त्या हौशी वैमानिक होत्या, आणि मला त्यांच्या प्रवासाचे जे अप्रूप वाटते ते यासाठीच. हौसेने आखलेला एक प्रवास शर्यत कसा होऊन बसला, हे त्यात पाहावयास मिळते.

सातव्या वर्षी त्यांना प्रथम विमानात बसावयास मिळाले आणि वैमानिक व्हावयाचे हे त्याच वेळी ठरून गेले. पुढे विद्यापीठात त्यांनी विमान-अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. १९४५ साली लग्न झाले आणि तो अर्धवट राहिला. संसार, मुलेबाळे यांत दहा-बारा वर्षे गेल्यावर त्या विमान चालवावयास शिकल्या. पती रसेल हेही वैमानिक. १९६२ च्या सुमारास एकदा घरी, घरकामाचा कंटाळा आला, कोठेतरी लांब जावेसे वाटते, असे त्या म्हणाल्या. विमान घेऊन पृथ्वीप्रदक्षिणाच का करीत नाहीस, असे पती थट्टेने म्हणाले. बाईंनी ती थट्टा मनावर घेतली. कोणत्याही स्त्रीने एकटीने अशी फेरी केलेली नाही, हे त्यांना चौकशी केल्यावर कळले. म्हणजे इच्छा आधी होती ती जग पाहण्याची. विक्रमाची गोष्ट मागाहून आली.

मग सुरू झाली ती आखणी. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत रसाळ भाग हाच, जरी वर्तमानपत्रांनी त्याकडे दुर्लक्ष केले. पृथ्वीप्रदक्षिणा म्हणजे काय, याचीसुद्धा व्याख्या आहे. १९०५ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय वैमानिक संघ विमानांचे विक्रम नोंदवितो. त्याच्या नियमानुसार निघालेल्या ठिकाणी परत यावे लागते, सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, आणि एकूण अंतर निदान कर्कवृत्ताच्या लांबीइतके, म्हणजे सुमारे २२,८५९ मैल, भरावे लागते. उत्तर ध्रुवाजवळून एक लहानशी गिरकी घेतली आणि प्रदक्षिणा झाली, अशी पळवाट त्यात नाही. मॉकबाईंनी आखलेला मार्ग २३,१०३ मैलांचा होता. नियमाला जेमतेम पुरून उरेल एवढाच.

अशा मार्गाचे सारे गणित एका टप्प्यावर अवलंबून असते. भूमध्य समुद्राच्या काठाने, इराणी आखातातून, हिंदुस्थानावरून जाताना दर हजार-पंधराशे मैलांवर उतरावयास जागा मिळते. पॅसिफिकमध्ये मात्र होनोलुलू आणि कॅलिफोर्नियाचा किनारा यांच्या दरम्यान सुमारे चोवीसशे मैल पाणीच पाणी आहे. तेवढे पेट्रोल बरोबर न्यावयाचे, म्हणजे उतारूंच्या बैठका काढून त्यांच्या जागी टाक्या बसवावयाच्या. एका गॅलनचे वजन सहा पौंड; टाक्या भरल्या की विमान जड होते, जड विमानाला लांब धावपट्टी लागते, आणि ते हळूहळू वर चढते. वाऱ्याचाही विचार हवा. पूर्वेकडे तोंड करून निघाले तर उत्तरेकडील प्रदेशांत पश्चिमेचा वारा पाठीशी लागतो. पण मनिलापासून हवाईपर्यंत पूर्वेचे व्यापारी वारे समोरून येतात. सेसना १८० जातीच्या त्या विमानाला २२५ अश्वशक्तीचे एकच इंजिन होते. ते समुद्रावर बंद पडले तर काय, या प्रश्नाला कोणत्याही नकाशात उत्तर नव्हते.

इतके झाले तरी आखणी संपत नाही. ज्या देशांवरून जावयाचे त्या प्रत्येकाचा परवाना हवा, प्रवेशपत्र हवे. वॉशिंग्टनमधील वकिलातींचे उंबरठे झिजवावे लागले. हवाई दलातील अनुभवी वैमानिकाने नकाशे तयार करण्यास मदत केली. मोठ्या विमानतळांवर तोपर्यंत जेट विमानांचे राज्य सुरू झाले होते. त्यांना केरोसीन लागते, त्यामुळे पिस्टन इंजिनाला चालणारे पेट्रोल कोठे मिळेल याचीही आगाऊ चौकशी करणे भाग होते. आणि विक्रम मान्य व्हावयाचा तर प्रत्येक मुक्कामी उतरल्याची व निघाल्याची वेळ कोणीतरी अधिकृतपणे प्रमाणित केली पाहिजे. देशोदेशींचे एरो क्लब अशा कामांसाठीच असतात. त्यांतील मंडळी बहुधा मॉकबाईंसारखीच: विमानाच्या छंदाने झपाटलेली. अनोळखी देशात उतरावे, भाषा कळू नये, आणि समोर इंजिनाविषयी, वाऱ्याविषयी आपल्याइतक्याच उत्कंठेने बोलणारा माणूस भेटावा, हे सुख आगगाडीच्या किंवा आगबोटीच्या उतारूला कोठून मिळणार?

पण या सुखाला दृष्ट लागली. कॅलिफोर्नियात जोन मेरियम स्मिथ नावाच्या दुसऱ्या एक वैमानिक बाई इअरहार्टच्या विषुववृत्तीय मार्गाने जाण्याची तयारी करीत होत्या. दोघींचे बेत स्वतंत्रपणे शिजले होते. मॉकबाईंनी अधिकृत नोंदीची परवानगी आधी मिळविली. स्मिथबाईंनी १७ मार्चला, म्हणजे दोन दिवस आधी, उड्डाण केले. एप्रिलमध्ये निघण्याचा मॉकबाईंचा विचार होता, तो सोडून त्यांना मार्चमध्येच निघावे लागले. वर्तमानपत्रांना हवी होती ती शर्यत मिळाली.

येथे मला आपल्याकडची एक हकीकत आठवते. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमानातून कापणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. १९३० साली अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून इकडे निघाला आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून तिकडे निघाले. इजिप्तमधील अबूकिर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगांवाचून अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी ११ मे रोजी कराचीला पोहोचला आणि बक्षीस त्याने जिंकले. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा मनुष्य शर्यत हरला. पण छंदाचा धर्म त्याने पाळला. मॉकबाई आणि स्मिथबाई यांची वाटेत अशी गाठ पडणे शक्यच नव्हते. एकीचा मार्ग उत्तरेकडून, दुसरीचा दक्षिणेकडून. दोघींना एकमेकींची खबर मिळे ती बातमीदारांकडून.

प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात लांब पल्ल्याचे बिनतारी यंत्र मुके झाले. त्याची तार जोडलेलीच नव्हती, असे मागाहून आढळले. बर्म्यूडात हवामानाने आठवडाभर अडकवून ठेवले. अझोर्स बेटांच्या वाटेवर पंखांवर बर्फ साचले. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटावर रात्री विमानात जळकट वास येऊ लागला. तापलेली मोटर आणि तिच्याजवळच पेट्रोलची टाकी. ती मोटर वेळीच बंद केली म्हणून पुढची कथा सांगता येते. कैरो समजून त्या जेथे उतरल्या ते इन्शास येथील लष्करी विमानतळ निघाले. सशस्त्र शिपायांनी विमानाला गराडा घातला, पण चौकशीनंतर त्यांना सोडण्यात आले. दोन विमानतळ अंधारात एकसारखे दिसतात, हे वर्षभराच्या आखणीत कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. सौदी अरेबियात धाहरान येथे स्कर्ट घातलेली बाई विमानातून उतरताच एका गृहस्थाने आत डोकावून पाहिले; आत पुरुष नाही अशी खात्री पटल्यावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजविल्या.

मग कराची, दिल्ली, कलकत्ता, आणि पुढे बँकॉक. हिंदुस्थानाच्या वाट्याला दोन मुक्काम आले. पण पाहण्यासाठी निघालेल्या बाईंना पाहावयास सवड कोठे होती? मुक्कामी पोहोचावे तो फोनवरून पतीचा तगादा: लवकर नीघ, दुसरी पुढे जाईल. कैरोजवळचे पिरॅमिड त्यांनी पाहिले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. वास्तविक स्मिथबाई पेट्रोलच्या टाकीच्या गळतीमुळे दक्षिण अमेरिकेतच खोळंबल्या होत्या. शर्यत बरीचशी वर्तमानपत्रांच्या रकान्यांतच चालली होती. त्या १२ मे रोजी आपला अधिक लांबचा मार्ग पुरा करून परतल्या, आणि त्यांचे साहसही तोलामोलाचे होते. पुढल्याच वर्षी, १९६५ च्या फेब्रुवारीत, त्या एका विमान अपघातात मरण पावल्या. ही दोन नावे एकमेकींविरुद्ध मांडण्याऐवजी शेजारी मांडली गेली असती तर बरे झाले असते.

मनिला, ग्वाम, वेक बेट, होनोलुलू. आणि मग तो चोवीसशे मैलांचा टप्पा, ज्याच्यासाठी बैठका काढून टाक्या बसविल्या होत्या. टाक्या पुरल्या. ४ मे रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना सुवर्णपदक मिळाले. सेसना कंपनीने ते जुने विमान ठेवून घेतले आणि बदल्यात नवे, मोठे विमान दिले. जुने आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. नवे विमान मॉकबाईंनी १९६९ साली पॅसिफिक ओलांडून न्यू गिनीकडील राबौल येथे नेले आणि तेथील एका मिशनरी धर्मगुरूंना कामासाठी देऊन टाकले. त्या वेळी कोणी मागे लागलेले नव्हते, आणि कोणाच्या पुढेही जावयाचे नव्हते.