हार्ड डिस्क काढण्यापूर्वी तिच्यातील माल हलवा

भिवंडी - गोदामाचा गाळा सोडताना भाडेकरू आधी माल दुसऱ्या गाळ्यांत हलवतो, नोंदवहीत त्या मालाची नवी जागा लिहून घेतो आणि मगच किल्ली मालकाच्या हाती देतो. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात हा क्रम कोणाला शिकवावा लागत नाही. त्याच गोदामाच्या कचेरीतील संगणकाला मात्र तो तितक्याच काटेकोरपणे लागू असतो, हे सहसा ध्यानी येत नाही. अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्यातून एक डिस्क काढणे म्हणजे पेच सैल करून ती ओढणे नव्हे. ते आधी स्थलांतर असते आणि पेचकसाचे काम अगदी शेवटी येते.

यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीभोवती गोदामे उभी राहिली, त्यामागे मुंबईच्या जकातीची हद्द चुकवता येणे हे एक मोठे कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र राहिली, आणि त्यांच्यावर हिशेबाची नवी जबाबदारी आली. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३५ नुसार गोदामाचा मालक वा चालक नोंदणीकृत असो वा नसो, माल कोणाचा आणि कोणासाठी याच्या नोंदी त्याला ठेवाव्याच लागतात. कलम ३६ अन्वये नोंदणीकृत व्यावसायिकाने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. संगणकावरील नोंदींची वेगळी प्रत ठेवावी व दुर्घटनेनंतर माहिती वाजवी काळात परत उभी करता यावी, असे नियम ५७ सांगतो. सहा वर्षांचा हा साठा एका डिस्कवर मावेनासा झाला की दुसरी जोडली जाते, पुढे तिसरी. कधीतरी पहिली जुनी होते आणि ती काढण्याची वेळ येते.

अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतींना ‘रेड’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधामुळे मिळाले. वापरणाऱ्याला एकच मोठा साठा दिसतो, पण एखाद्या फायलीचे तुकडे प्रत्यक्षात कोणत्याही डिस्कवर असू शकतात. तुकड्यांची एकच प्रत असेल तर डिस्क ओढताच तेवढा माल गेला. दोन प्रती असतील तर काम चालू राहते. मात्र त्या क्षणापासून अनेक तुकड्यांची एकच प्रत उरते आणि ती प्रत असलेली डिस्क बिघडली तर सारेच संपते.

लिनक्सवरील ‘बीटीआरएफएस’ या फाइल सिस्टिममध्ये डिस्क काढण्याची सोय मुळातच आहे. ओरॅकल कंपनीत असताना ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ती जाहीर केली, २००९ मध्ये ती लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत आली आणि २०२० मध्ये फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्तीने ती मूळ निवड म्हणून स्वीकारली. येथे ‘डिव्हाइस रिमूव्ह’ ही आज्ञा देऊन डिस्कचे व साठ्याचे नाव सांगायचे. संगणक त्या डिस्कवरील तुकडे, साधारणतः एकेक गिगाबाइटच्या गठ्ठ्यांनी, उरलेल्या डिस्कवर लिहितो, नोंदी बदलतो आणि सारे हलल्यावर त्या डिस्कवरील आपली ओळखखूण पुसून तिला यादीतून वगळतो. तोपर्यंत साठा वापरात राहतो. कचेरी बंद ठेवावी लागत नाही.

आज्ञा देण्यापूर्वी मात्र हिशेब मांडावा. चार टेराबाइटच्या तीन डिस्क आहेत आणि प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवल्या जातात असे धरले, तर वापरास मिळणारी जागा सहा टेराबाइट. एक डिस्क काढली की ती चारवर येते. साठ्यात साडेचार टेराबाइट माल असेल तर स्थलांतर अर्ध्यावर अडते आणि ‘जागा नाही’ असा निरोप येतो. जागेइतकीच डिस्कची संख्याही महत्त्वाची. दोन प्रतींच्या व्यवस्थेस किमान दोन डिस्क लागतात. दोनच असताना एक काढू म्हटले तर संगणक नकार देतो. अशा वेळी आधी नवी डिस्क जोडून मग जुनी काढणे उत्तम. ते शक्य नसेल तर ‘बॅलन्स’ आज्ञेने साठा एका प्रतीवर आणावा लागतो, आणि तो मार्ग दुसरीकडे सुरक्षित प्रत असल्याशिवाय धरू नये. याच फाइल सिस्टिमच्या ‘रेड ५’ व ‘रेड ६’ या प्रकारांविषयी तर तिच्या दस्तऐवजातच सावधगिरीचा इशारा आहे: चाचणीपुरते वापरावे, रोजच्या कामासाठी नव्हे.

वेळही लागतो. तीन टेराबाइट माल सेकंदाला शंभर मेगाबाइट या वेगाने हलवला तरी आठ तास वीस मिनिटे होतात. प्रत्यक्षात लहान तुकडे, चालू असलेले इतर काम आणि जुनी डिस्क यांमुळे हा काळ सहज वाढतो. शनिवारी संध्याकाळी सुरू केलेले काम सोमवारी सकाळीही चालू असेल तर घाबरून बटण बंद करू नये. पुरेशा नव्या आवृत्तीत ही आज्ञा रीतसर रद्द करण्याचीही सोय आहे.

वीज गेली तर? भिवंडीच्या वाचकाचा पहिला प्रश्न हाच असणार. महावितरणने जानेवारी २००७ मध्ये शहरातील वितरण टोरंट पॉवर कंपनीकडे सोपवले, त्याआधीचे भारनियमन येथे अजून कोणी विसरलेले नाही. उत्तर धीर देणारे आहे. बीटीआरएफएस जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहिते व मगच नोंद बदलते. त्यामुळे मध्येच वीज गेल्याने माल हरवायचे कारण नसते. हललेले गठ्ठे हललेलेच राहतात, मात्र काम आपोआप पुढे सुरू होत नाही, आज्ञा पुन्हा द्यावी लागते. तरीही इतक्या तासांच्या कामासाठी यूपीएस असावाच.

आजारी डिस्कची गोष्ट वेगळी. वाचताना अडखळणाऱ्या डिस्कवरून सारा माल हलवणे म्हणजे तिच्यावर अखेरच्या दिवसांत सर्वाधिक भार टाकणे. येथे ‘रिमूव्ह’पेक्षा ‘रिप्लेस’ बरे. नवी डिस्क जोडून जुनीची जागा थेट तिला द्यायची. दुसरीकडे चांगली प्रत असेल तर ती वापरून आजारी डिस्क शक्यतो वाचू नये, असेही सांगता येते. वीज गेली तरी साठा पुन्हा जोडताच हे काम पुढे सुरू होते. अट एकच: नवी डिस्क जुनीएवढी वा मोठी हवी. डिस्क पूर्णच गेली असेल, तर साठा ‘डिग्रेडेड’ अवस्थेत जोडून हरवलेली डिस्क यादीतून काढता येते, अर्थात तिच्यावरील तुकड्यांची दुसरी प्रत असेल तरच.

लिनक्सच्याच ‘एलव्हीएम’मध्ये क्रम तोच, आज्ञा तीन: ‘पीव्हीमूव्ह’ने माल हलवा, ‘व्हीजीरिड्यूस’ने डिस्क गटातून काढा, ‘पीव्हीरिमूव्ह’ने खूण पुसा. विंडोज १० व ११ मधील ‘स्टोरेज स्पेसेस’मध्ये आधी ‘प्रिपेअर फॉर रिमूव्हल’ निवडायचे असते. सन कंपनीत जन्मलेल्या ‘झेडएफएस’ने मात्र वापरणाऱ्यांना बरीच वर्षे तिष्ठत ठेवले. आरशासारख्या जोडीतील एक डिस्क सोडवता येई, पण साठ्याचा एक पूर्ण भाग काढण्याची सोय लिनक्सवर २०१९ मध्ये, ‘ओपनझेडएफएस’च्या ०.८ आवृत्तीत आली. तीही ‘रेड-झेड’ प्रकारचा भाग साठ्यात असेल तर चालत नाही. डिस्क जोडणे सोपे म्हणून उत्साहाने जोडत सुटणाऱ्यांनी ही बाब आधीच पाहून ठेवावी.

यंत्राची खोकी उघडल्यावर होणारी चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महाग असते: चुकीची डिस्क ओढणे. संगणक डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देतो, पण ती पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून डिस्कचा अनुक्रमांक आधी पडद्यावर पाहून कागदावर लिहावा आणि डिस्कच्या चिकटपट्टीवरील क्रमांकाशी जुळवावा. दोन प्रती म्हणजे बॅकअप, हाही गैरसमज नको. चुकून पुसलेली फाइल दोन्ही प्रतींतून एकदमच जाते, आणि आग वा पुराचे पाणी कचेरीत आले तर सगळ्या डिस्क एकाच खोक्यात असतात. वेगळी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, आणि ती उघडते की नाही हे डिस्क काढण्याच्या आदल्या दिवशी पाहावे.

काढलेली डिस्क लगेच भंगारवाल्याला देऊ नये. काही दिवस साठा नीट चालतो आहे याची खात्री होईपर्यंत ती तारीख लिहून कपाटात ठेवावी. फाइल सिस्टिमने पुसलेली असते ती केवळ ओळखखूण. ग्राहकांची नावे, बिले, बँकेचे तपशील तिच्यावर बहुतांशी तसेच राहतात आणि जाणकाराला ते वाचता येतात. विकण्यापूर्वी पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती कोरी करावी, आणि बिघाडामुळे ते जमत नसेल तर आतील तबकड्या फोडून टाकाव्यात.